दोन पावलांवरची किंकाळी

"माझ्या भावाने खून केलाच असेल," बाई म्हणाल्या, "तर त्याला आठवत कसं नाही?"

मास्तर पूर्वी विज्ञान शिकवत, आता खासगी तपास करत. त्यांनी वही उघडली. हळहळला तो त्यांचा मेहुणा. हळहळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

बाईंचा भाऊ पंपांच्या आवाजाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मेकॅनिक होता. त्याला फिट यायच्या. आठ दिवसांपूर्वी फिटमधून शुद्धीवर आला, तर शेजारी मोठे साहेब, डोकं फुटलेलं. चौसष्ट मायक्रोफोनच्या जाळीने साहेबांची किंकाळी टिपली होती. आवाज कुठून आला ते दाखवणाऱ्या संगणकाच्या ध्वनिचित्रात ती पंपाकडच्या बाजूला उमटली, आणि त्या बाजूला मेकॅनिकच होता. चित्र बघून बिचाऱ्याने गुन्हा कबूल केला.

मास्तर प्रयोगशाळेत गेले तेव्हा जाळी खोलीच्या मधोमध उभी होती. एकीकडे पंप, दुसरीकडे टेबल-खुर्ची.

"हा पडद्यावरचा लाल ठिपका," साहेबांचे धाकटे भाऊ म्हणाले. "जाळीपासून दोन पावलं. यंत्र कोणाची भीड ठेवत नाही."

"तुम्ही कुठे होतात?"

"या खुर्चीत. कानाला हेडफोन, जाळीकडे पाठ. जागचा हललो नाही."

मास्तरांनी खुर्चीपासून जाळीपर्यंत पावलं मोजली. दोन. पुढे दोन पावलांवर पंप होता, पुरुषभर उंच, ओतीव लोखंडाचा.

ध्वनितज्ज्ञ बाई त्या दिवशी रजेवर होत्या. "जाळी सपाट आहे," त्या म्हणाल्या. "आवाज पुढून आला की मागून, तिला कळत नाही. म्हणून चाचणी चालू असताना मागे कोणी थांबायचं नाही, हा नियम. धाकटे साहेब नुसतं ऑफिस बघतात, त्यांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी इन्स्पेक्टरना तिथेच बोलावलं.

"ठिपका पंपाच्या पोटात आहे," ते म्हणाले. "लोखंडात उभं राहून कोण ओरडेल? मागचा आवाज चित्रात पुढे दिसतो, आरशातल्यासारखा. किंकाळी जाळीमागे दोन पावलांवर फुटली, या खुर्चीपाशी. मेकॅनिक बेशुद्ध होता, म्हणून यांनी प्रेत ओढत त्याच्याजवळ नेलं."

धाकटे भाऊ खुर्चीपासून दूर सरकले. "मी पंपांचे खोटे रिपोर्ट दिले होते. दादा ते मागे घेणार होता. पाया पडलो मी त्याच्या."

"आणि मग डोकं फोडलंत," मेहुणा म्हणाला. हळहळणं तो विसरला होता.

कोठडीत बहिणीने भावाला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी नाही मारलं?"

"नाही रे, राजा."

त्याने तीनदा विचारलं.

"फिट येतात म्हणून मला कोणी कामावर ठेवत नव्हतं, ताई. साहेबांनी ठेवलं." आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच तो साहेबांसाठी रडला.