झाकण उघडण्याआधी

आमची पहिली भेट प्रिंटरपाशी झाली, आणि तीही भांडणानं.

मी छापायला दिलेला आलेख घ्यायला गेले, तर विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस तो खिडकीच्या उजेडात धरून बघत होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या बाहीवरचं पाणी खुशाल माझ्या कागदावर टपकत होतं.

"तुमचा का हा?" त्यानं विचारलं. "हे डावीकडचे ठिपके जरा... खाली नाही वाटत?"

"कागद वर धरा, म्हणजे तेही वर जातील," मी म्हटलं आणि कागद ओढून घेतला.

तो हसला. मला ते मुळीच आवडलं नाही. म्हणजे — आवडलं, पण त्या दिवशी जीव गेला तरी कबूल केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, की माझं काम तपासायला आमच्या गटप्रमुख मॅडमनी नेमलेला परीक्षक हाच. घ्या!

काम काय, ते आईला सांगते तसंच सांगते. मेसॉन नावाचे कण असतात. त्यातले जड असतात ते जन्मतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटतात. फुटताना फार क्वचित इलेक्ट्रॉनची जोडी बाहेर टाकतात, नाहीतर म्युऑनची. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगानं भारी भाऊ. जुना सिद्धांत म्हणतो, दोघांच्या जोड्या सारख्याच मिळायला हव्यात, आई दोन्ही लेकरांना सारखंच वाढते तशा. एकाच्या ताटात कमी दिसलं, तर समजायचं की कुणा अनोळखी माणसाचा हात मध्ये आलाय. तो हात म्हणजे नवं भौतिकशास्त्र. त्याच्या शोधात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली होती आणि पुढची नोकरीही त्यावरच लटकली होती.

आमच्यात एक रीत आहे. शेवटचा आकडा संगणकात झाकून ठेवायचा. सगळ्या तपासण्या आधी, झाकण उघडायचं शेवटी, आणि एकदा उघडलं की मागचं काही बदलायचं नाही. कारण हवं ते दिसलं, की माणूस चुका शोधायचं सोडून देतो.

याच्या शंका मात्र संपता संपेनात. हे असंच का? ते तसं का नाही? मी त्याचं नाव शंकासुर ठेवलं. तोंडावरच!

"काय शंकासुर, जेवलात का?"

"जेवलो बहुतेक... खात्री देता येणार नाही."

मग तो दोन कप कॉफी घेऊन यायचा. माझ्या कपात साखर जास्त, न सांगता. आम्ही खिडकीशी बसून भांडायचो आणि कॉफी गार व्हायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते विचारू नका.

मी अहवालाचं शेवटचं प्रकरण त्याला पाठवलं, आणि ते संध्याकाळीच परत आलं. एकही शंका नाही. खाली एकच शब्द — 'सुंदर.'

मी हवेतच होते. पण सकाळी मनात पाल चुकचुकली. हा माणूस आणि एकही शंका नाही? मी स्वतःच पुन्हा तपासायला बसले, आणि दुपारपर्यंत चूक सापडली. इलेक्ट्रॉन यंत्रातून जाताना वाटेत उजेड सांडतो, दमतो आणि मोजणीतून निसटतो. असे किती निसटले, ते मी यंत्राच्या जुन्या मांडणीवरून धरलं होतं; नव्या मांडणीत जास्त निसटत होते. डावीकडचे तेच ठिपके! तसंच झाकण उघडलं असतं, तर इलेक्ट्रॉन कमी दिसले असते, नवं भौतिकशास्त्र सापडलं म्हणून मी जगभर दवंडी पिटली असती आणि पुढे सपशेल तोंडघशी पडले असते.

मी तरातरा त्याच्या खोलीत गेले. "पहिल्याच दिवशी तुला दिसलं होतं हे! मग काल कसं नाही दिसलं?"

त्यानं कागद पाहिला. त्याचा चेहरा पडला.

"दिसायला हवं होतं," तो म्हणाला. "मी मॅडमना सांगतो, दुसरा परीक्षक नेमा."

"कारण काय सांगशील?"

"खरं तेच. हल्ली तुझं काम वाचायला घेतलं, की मला चुका दिसत नाहीत. तूच दिसतेस."

मला त्याचा भयंकर राग आला होता. आणि कान तापले होते, ते काही रागानं नाही.

"उत्तर आत्ता नको," तो घाईघाईनं म्हणाला. "झाकण उघडल्यावर दे."

नव्या परीक्षक बाई कडक निघाल्या. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि मला चांगलं पिळून काढलं. चूक दुरुस्त झाली. तोवर तो जिन्यात भेटला तरी हवापाण्याचंच बोलायचा. मला त्याच्या शंकांवाचून करमेना.

अखेर झाकण उघडायचा दिवस आला. बैठकीच्या खोलीत सगळे जमले. तो मागे, दाराशी उभा होता. बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि सरळ त्याच्यापाशी गेले.

"माझं उत्तर आत्ताच ऐक," मी हळूच म्हटलं. "आकडा चांगला आला, तर तुला वाटेल आनंदाच्या भरात बोलले. वाईट आला, तर वाटेल आधाराला कुणीतरी हवं म्हणून बोलले. शंकासुरच तू! म्हणून आधीच सांगते — हो."

त्याचे कान लाल झाले.

मी बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला. दोन्ही ताटं सारखी. जुनाच सिद्धांत खरा, अनोळखी हात नाहीच. मॅडम म्हणाल्या, "काम चोख आहे, त्याचीच किंमत होईल." टाळ्या वाजल्या. मी हसले, आणि खोली रिकामी झाल्यावर खिडकीशी बसून चक्क रडले.

तो दोन कप घेऊन आला. शेजारी बसला. मग खाकरला.

"एक शंका आहे," तो म्हणाला. "मघाचं उत्तर... अजून तेच आहे ना?"

"झाकण उघडल्यावर काही बदलायचं नसतं," मी म्हटलं, आणि नाक पुसून त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.