एकुलता एक नर

तिन्हीसांजेला ओढ्याकाठी दोन झाडांना पांढरी चादर बांधून, मागे दिवा लावून बसलेल्या बाईला माणसाने काय विचारावं? त्याने विचारलं, "इथे धुणं वाळतं का हो?"

"किडे येतात," ती म्हणाली. "न बोलावता... तुमच्यासारखे."

तो हसला आणि चक्क शेजारी बसला. ती संग्रहालयातल्या कीटक विभागाची, तो मोजणीवाला. हाच ओढा सिमेंटच्या पाइपात घालायची मापं घेत होता. खरं तर दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य व्हायचं, पण झालं भलतंच.

त्या संध्याकाळी चादरीवर जे बसलं ते तिळाहून लहान होतं. कॅडिसफ्लाय म्हणतात याला, पाण्यात वाढणारा, केसाळ पंखांचा. पण असा तिने कधी पाहिला नव्हता, पुस्तकातही नाही. माद्या ढीगभर, नर एकच. आणि यांची जात ठरते ती नराच्या शेपटाच्या टोकावरून. माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. नवी जात सिद्ध झाली, तर ओढा वाचण्याची आशा होती.

मग तो रोज संग्रहालयात यायला लागला. कधी नकाशा दाखवायला, कधी उगाच. सूक्ष्मदर्शकात डोकावून म्हणायचा, काहीच दिसत नाही. ती फोकस लावायला वाकायची, तिची बट त्याच्या कानाला लागायची... तरी त्याला काही दिसायचं नाही. लबाड मेला! शिपाईमामा गालातल्या गालात हसायचे.

एका सकाळी तिने नराचं शेपूट गरम कॉस्टिक सोड्यात ठेवलं. त्यात मांस विरघळतं, कठीण आकार उरतो. जास्त वेळ राहिलं तर आकारही जातो, म्हणून तिथून हलायचं नाही, हा त्या खोलीतला नियम. तेवढ्यात तो धावत आला. त्याचे साहेब कबूल झाले होते: जातीचं पक्कं वर्णन द्या, पाइप दुसरीकडून नेऊ. ती बाहेर आली. खिडकीपाशी त्याने तिचा हात धरला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

परत आली तेव्हा बशीत नुसतं पाणी होतं. शेपटाचा मागमूसही नव्हता.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं चादर बांधायचे. माद्या यायच्या. नर काही आला नाही. त्याने साहेबांच्या हातापाया पडून मुदत मागितली. साहेब म्हणाले, पुरावा आणा. मग यंत्रं आली.

"मी त्या दिवशी आलोच नसतो तर..." तो म्हणाला.

"तर ओढा असता." तिने खोटा धीर दिला नाही. पाइप खाली उतरत होते.

"मग मी जातो."

"थांबा. भान मी ठेवायला हवं होतं. सकाळपासून माझे कान दाराकडे होते — तुम्ही कधी येताय म्हणून. तुमचं तोंड पाहिलं की मला हा ओढा आठवणार... जन्मभर." तिने पाइपांकडे पाठ फिरवली. "तरी उद्या या."

तो आला. पुढे त्यांचं लग्नही झालं, आणि संसारही चांगला झाला. माद्या अजून संग्रहालयात आहेत, बाटलीवर 'जात अज्ञात' एवढंच लिहिलेलं. तो तिला घ्यायला येतो. पण त्या कपाटापाशी दोघं कधी एकत्र जात नाहीत.