मास्तरांची संध्याकाळची शिकवणी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिचं औषधांचं दुकान आहे. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, यातच तिचा दिवस जातो. भुताखेतांचं कोणी काही सांगायला लागलं, की "पित्त झालंय तुला" म्हणून ती हातात गोळी ठेवते.

अशी बाई थापा मारत नाही.

घर तिच्या माहेरचं. गल्लीच्या टोकाला, बैठं. पुढे जाळीचं दार, मधली खोली, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली... प्रार्थनेची.

वेळ दिवेलागणीची. बाहेर अजून उजेड होता. अंधारात भास झाला म्हणावं, तर तशीही सोय नाही.

त्याच दुपारी शाळेच्या सभागृहात ताईच्या वडिलांची शोकसभा झाली होती.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. घरचेसुद्धा. भाषा शिकवायचे. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं, की आत जाऊन दुकानदाराला सांगायचे, आणि तो रागावू नये म्हणून तिथूनच साबण विकत घ्यायचे. घरात साबणांची चळत लागलेली असायची. ताईच्या गणवेशाला इस्त्री तेच करायचे. मावशी आजारी पडली, तर पोळ्याही लाटायचे. पोळ्या कशा व्हायच्या, ते विचारू नका.

पण त्यांचं खरं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. ज्या मुलांची जीभ अडखळते, ज्यांना बोलताच येत नाही, अशी मुलं लोक लांबून त्यांच्याकडे आणायचे. मास्तर त्यांना समोर बसवायचे. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. मुलगा ती ओळ म्हणेपर्यंत थांबायचे, कितीही वेळ लागो. मग म्हणायचे, "पुढे?"

त्या शोकसभेत एक नामांकित वकील रडला. लहानपणी त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मास्तरांसारखा श्रद्धाळू माणूस मी पाहिला नाही. संध्याकाळची प्रार्थना त्यांनी जन्मात कधी चुकवली नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग शाळेचा म्हातारा शिपाई उठला. म्हणाला, "एकदा मास्तरांना शाळेतच ताप भरला. उभं राहवेना. मी म्हटलं, इथेच पडा जरा. ऐकेनात. भिंतीला धरून धरून निघाले. एकच धोशा... दिवेलागणीच्या आत पोचायलाच हवं, पोचायलाच हवं."

लोकांना त्यात भक्ती दिसली.

ताईच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

तिला आठवलं, तिच्या लग्नात जेवणं व्हायच्या आधीच मास्तर उठून गेले होते. मावशीचं ऑपरेशन होतं, तेव्हाही संध्याकाळी ते दवाखान्यात नव्हते. सहलीला कधी गेले नाहीत. कोणाकडे रात्रीचे राहिले नाहीत. आणि दर वेळी निघताना त्यांचा चेहरा...

देवाकडे निघालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

असा चेहरा धाक असलेल्या माणसाचा असतो.

कोणाचा धाक?

बाहेर काही भानगड होती म्हणावं, तर माणूस घरीच यायचा. खोलीत जायचा, आतून कडी लावायचा. तासाभराने बाहेर यायचा, तेव्हा सदरा घामाने भिजलेला असायचा. थंडीतसुद्धा.

सभेनंतर सगळे माहेरच्या घरी आले. ताई, भाऊजी आणि मावशी. भाऊजी घरोघरी वायरिंगची कामं करतात. बोलून बोलून समोरच्याचा जीव खातात, पण मनाने सोनं. ते म्हणाले, "आई, आता एकट्या राहू नका. आमच्याकडे चला. मी आहे ना डोकं खायला."

मावशी हसली नाही. दाराबाहेर बघत होती.

"तुम्ही निघा आता," ती म्हणाली.

"अगं आई, चहा तरी घेऊ दे!"

"घरी जाऊन घ्या. निघा."

मावशी पोटच्या पोरीला चहाशिवाय दाराबाहेर काढतेय? ताईला ते काही पटेना. ती निघाली खरी, पण गल्लीच्या तोंडाशी भाऊजींना म्हणाली, "तुम्ही गाडी काढा. मी चष्मा विसरलेय."

चष्मा तिच्या पर्समध्येच होता.

ती जाळीचं दार आवाज न करता उघडून आत शिरली. मधली खोली रिकामी. स्वयंपाकघर रिकामं.

प्रार्थनेच्या खोलीचं दार बंद.

आतून मावशीचा आवाज येत होता. मास्तर म्हणायचे तीच प्रार्थना. मावशीने एक ओळ म्हटली.

आणि थांबली.

ताईने दाराला कान लावला...

आतून दुसऱ्या आवाजाने तीच ओळ म्हटली.

ताईला वाटलं, मोबाईलवर बाबांचं काहीतरी लावलंय. बिचारी, एकटी पडलीय. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशीने पुढची ओळ म्हटली. दुसऱ्या आवाजाने तीही म्हटली.

ताईच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच थिजलं.

तो मास्तरांचा आवाज नव्हता. लहान मुलाचाही नव्हता. जाडा, ओलसर आवाज. जसं एखादं मोठं, थोराड माणूस आत्ता कुठे बोलायला शिकलंय. पण उच्चार...

उच्चार मास्तरांचे. 'ण' आणि 'ळ' अगदी घोटून घेतलेले.

मावशीला खोकल्याची उबळ आली. ओळ अर्धवट राहिली. आत शांतता पसरली.

मग तो आवाज म्हणाला...

"पुढे?"

ताईने दारावर दोन्ही हात आपटले. "आई! कोण आहे आत? दार उघड!"

"आत येऊ नकोस." मावशी जवळजवळ ओरडलीच. "तू तर अजिबात नको!"

ताई ऐकतेय कसली. तिने खांद्याने दाराला धक्का दिला. जुनी कडी निखळली.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर एक बसायची गादी. गादीवर कोणी नव्हतं. खोलीत कोणीच नव्हतं. वर हातभर झरोका, त्यालाही गज.

पण गादीच्या मधोमध खोल खळगा पडला होता.

आणि ताईच्या डोळ्यांदेखत तो खळगा हळूहळू वर आला...

जसं कोणीतरी उठून उभं राहतंय.

ताईने मावशीचं मनगट धरलं आणि ओढत तिला बाहेर काढलं. चपलाही घालू दिल्या नाहीत. भाऊजींनी गाडीत काहीतरी विनोद केला. मागे वळून दोघींचे चेहरे बघितले आणि निमूट गाडी सुरू केली.

घरी पोचल्यावर मावशीने तोंड उघडलं.

"तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. हे प्रार्थना म्हणत होते. पाळण्याजवळ कोणीतरी यांच्यामागून म्हणायला लागलं. शब्द नाहीत, नुसतं हुं... हुं... मुक्यासारखं. दिसत काही नव्हतं. पाळणा मात्र हलत होता. मी तर गारच पडले. हे भ्यायले, पण यांच्यातला हाडाचा मास्तर कुठे जातोय! म्हणाले, 'तिकडे नको. इकडे माझ्यासमोर बस. मी शिकवतो.'"

"आणि?"

"बसलं."

"मग?"

"मग रोज यायला लागलं. हे म्हणायचे, मी शिकवतोय तोवर ते पोरीकडे जात नाही. सगळं जग यांना भक्त म्हणायचं. भक्त होतेच गं ते. पण संध्याकाळी देवाचं नाव ते तुझ्यासाठी घ्यायचे."

लग्नात जेवणाआधी उठून गेले, म्हणून ताई बापावर कित्येक वर्षं रुसली होती.

पण शंका काही तिची पाठ सोडेना. "आई, ते होतं तरी काय? एखादं मूल? की आणखी काही?"

"यांनाही कळलं नाही. शेवटी शेवटी यांचा त्याच्यावर जीव जडला होता की यांना त्याची भीती वाटत होती, हे मला सांगता यायचं नाही." मावशी थांबली. "आता त्याला कोण शिकवणार?"

मावशी परत त्या घरी गेली नाही. ताईने जाऊच दिलं नाही. भाऊजींनी भरदुपारी जाऊन घराला कुलूप लावलं आणि विजेचा मुख्य खटका बंद केला. मावशी ताईकडे रमली. भाजी निवडायची, भाऊजींशी वाद घालायची. दिवेलागणीला तेवढी गप्प व्हायची.

काही महिने सुरळीत गेले.

मग एका संध्याकाळी ताईच्या दुकानात फोन वाजला. माहेरच्या शेजारणीचा. त्या कपडे शिवतात, सगळी गल्ली त्यांना शिंपीणकाकू म्हणते.

"अगं, घर भाड्याने दिलंस का?"

"नाही. का हो काकू?"

"मग शिकवणी कोण घेतंय? बरेच दिवस ऐकतेय. मला वाटलं, कोणी मास्तर ठेवलाय तुम्ही. आवाज तर थेट आपल्या मास्तरांसारखा! मी म्हटलं, भाऊबिऊ आहे की काय त्यांचा."

ताईने हातातली औषधाची पट्टी खाली ठेवली.

"काकू... एकच आवाज येतो?"

"एक कुठला! अख्खा वर्ग आहे की. आधी हजेरी घेतात. मास्तर नाव घेतात, पोरं 'हजर' म्हणतात. पोरं म्हणजे... आवाज जरा जाडेच आहेत."

ताईने फोन कानाशी घट्ट दाबला.

"तुझंही नाव घेतात गं. रोज. तुझ्या नावाला कोणी ओ देत नाही, मग मास्तर थांबतात. कितीतरी वेळ थांबतात. मला बाई वाईट वाटायचं."

"काकू, घराला बाहेरून कुलूप आहे ना? बघा बरं."

"आहे गं. तेच तर. म्हणून फोन केला. मला वाटलं, तू मागच्या दाराने आलीस." काकूंचा आवाज खाली आला. "कारण आत्ता तुझ्या नावाला 'हजर' आलं... तुझ्याच आवाजात."

दुकान तसंच उघडं टाकून ताई घरी पळाली.

मावशी खिडकीपाशी बसली होती. धडधाकट. ताईने शिंपीणकाकूंचं सगळं एका दमात सांगितलं. लपवायचं तिला सुचलंच नाही.

मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं,

"माझं नाव घेतलं का गं त्यांनी?"

हे मला ताईने स्वतः सांगितलं. भाऊजी शेजारीच बसले होते आणि त्यांनी एकदाही चेष्टा केली नाही.

घर अजून कुलूपबंद आहे. शिंपीणकाकूही मुलाकडे राहायला गेल्या. आता तिथे संध्याकाळी काय ऐकू येतं, ते सांगायला कोणी नाही. आत मास्तर आहेत, की मास्तरांकडून शिकलेलं ते... आम्ही बघायला गेलेलो नाही.

ताईच्या दुकानात अजूनही गर्दी असते. पण हल्ली पाठीमागून कोणी नावाने हाक मारली, तर ती ओ देत नाही. हातातलं काम ठेवते. वळून आधी तोंड बघते.

मी मारली तरीसुद्धा.