सातारा रोडवर उतरलेला भाऊ

सातारा रोड हे स्टेशन साताऱ्यात नव्हतं. ज्याला हे माहीत नसे तो उतरायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि मग त्याला हमालाकडून कळायचं की गाव अजून दहा-अकरा मैल पुढे आहे. स्टेशनबाहेर एक सर्व्हिस मोटार उभी असे. ती भरली की टांगे. कडब्याचा, घोड्यांच्या घामाचा आणि कोळशाच्या धुराचा मिळून तिथे एक वास असायचा. आता रूळ रुंद झाले, साताऱ्याचं स्टेशनही दुसरीकडे गेलं. पण तो वास आठवला की मला अजून बरं वाटतं. त्या संध्याकाळचं सगळं आठवत असूनही बरं वाटतं, याचं मलाच नवल वाटतं.

१९४६ सालचा मार्च महिना. मी सांगली संस्थानात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. रस्ते, मोऱ्या, पूल यांत माझा दिवस जायचा, आणि मोजता येईल त्यावरच माझा विश्वास होता. माझा धाकटा भाऊ शरच्चंद्र लष्करातून सुटून पाच वर्षांनी परत येत होता. आधी इजिप्त, मग इटली. लढाई संपल्यावर घरी आलेल्या पोरांना नोकऱ्या मिळत नव्हत्या. शरदसाठी मात्र आमच्या एका नातलगाने साताऱ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांना भेटायचं होतं. म्हणून असं ठरलं, की त्याने पुण्याहून यावं, मी सांगलीहून जावं, सातारा रोडला भेटावं, आणि गावातल्या लॉजवर मुक्काम करून काम उरकून मग दोघांनी घरी. लॉजचं नाव मी त्याला आधीच कळवलं होतं, चुकामूक झाली तर म्हणून.

आईला हे पटलं नव्हतं. "पाच वर्षांनी पोर येतंय, आणि आधी साताऱ्याला?" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

माझी गाडी आधी पोचली. दुपार कलली तेव्हा पुण्याची गाडी आली. शरद उतरला. काळवंडला होता, गालफडं बसली होती, मिशी ठेवली होती. पण हनुवटीवर लहानपणी आडाच्या काठावर पडल्याची खूण तशीच. "दादा," म्हणून वाकला. आवाज त्याचाच. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

सामान बरंच होतं. पांढऱ्या रंगात नाव घातलेली काळी लोखंडी ट्रंक, वळकटी, खाकी किटबॅग. लग्नसराईमुळे मोटारीला ही गर्दी. मी बाहेर जाऊन क्लीनरशी बोलून आलो, शरद फलाटावर सामानापाशी थांबला. क्लीनर म्हणाला, ट्रंकेसकट एकालाच जागा आहे, दोघांना नाही. मग टांगा केला. टांगेवाला पंचेचाळिशीचा, केरबा नावाचा, कमी बोलणारा. त्याने ट्रंक मागे दोरीने आवळली, वळकटी पुढे घेतली, आणि आम्ही निघालो.

डाव्या हाताला जरंडेश्वराचा डोंगर होता. उसाला तोड लागली होती, आणि कुठल्यातरी गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. शरद आईची चौकशी करत होता, वडिलांच्या शेवटच्या आजाराचं विचारत होता. मग हळूहळू गप्प झाला आणि बाहेर बघायला लागला.

"इथली चिंच कुठे गेली?" तो एकदम म्हणाला.

"कुठली चिंच?"

"पाणपोई होती ना तिच्याखाली."

मी म्हटलं, तू या रस्त्याने कधी आला होतास? केरबाने मान वळवली. "चिंच हुती सायेब. कवाच तोडली. मी पोरगा हुतो तवा."

मला वाटलं, लष्करात या भागातली पोरं पुष्कळ. कोणीतरी सांगितलं असेल. परमुलखात माणसं रात्ररात्र गावच्याच गोष्टी सांगतात. पण पुढच्या मोरीपाशी शरदने परत विचारलं, हितला दगडी बांध कुनी काढला. त्याने 'हितला' म्हटलं, 'कुनी' म्हटलं, आणि ते माझ्या कानाला खटकलं. आमच्या घरात तसं कोणी बोलत नसे.

"पुरात ग्येला," केरबा म्हणाला.

"आन् आंब्याची रांग?"

"ती बी ग्येली."

"लय ग्वाड आंबं हुतं."

"व्हय की," केरबा हसला. "साखऱ्या म्हनायचं त्या कडंच्या झाडाला."

दोघं बोलत सुटले. कुणाच्या मळ्यातली काकडी, कुणाचा मारका बैल, कृष्णेच्या डोहात उड्या मारल्याबद्दल कुणी दिलेला मार. मी मध्ये बसलो होतो. माझ्या भावाच्या तोंडावर असं सुख मी कधी बघितलं नव्हतं. तो हसत होता आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

मग तो पुढे वाकला आणि केरबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चिंगळ्या, घोडं दमलंय रं. जरा पानी पाज."

केरबाने लगाम ओढला. टांगा थांबला.

त्याने लगाम दांडीला गुंडाळला. मग खाली उतरून माझ्या बाजूला आला.

"सायेब, ह्ये कोन हायती?"

"माझा भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा."

"चिंगळ्या मला येकच मानूस म्हनायचं. माजा थोरला भाऊ, गुंडा. मासळीवानी पवतो म्हनून. त्यो चवदा सालच्या लढाईत बसऱ्याला ग्येला. आला न्हाई." उसाकडे हात करून म्हणाला, "आय हाय अजून. आंधळी झालीया. वस्ती हितंच हाय, उसाच्या पल्ल्याड."

मी काही ठरवण्याआधी शरद उतरला होता. उसाच्या दोन फडांमधून पाऊलवाट होती, तिने तो चालू लागला. वाट त्याने कुणाला विचारली नाही. सूर्य डोंगराला टेकला होता.

घरापुढच्या कट्ट्यावर एक म्हातारी चाचपून शेंगा फोडत बसली होती. आम्ही कोणी काही बोललो नाही. पावलं वाजली तशी तिने मान वर केली.

"पाय धू आदी," ती म्हणाली.

शरदने रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. कट्ट्यावर उकिडवा बसला. तिने आत जाऊन भाकरी आणि खर्डा आणला. त्याने भाकरी डाव्या तळव्यावर घेतली आणि मोडून खाऊ लागला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

"लय उशीर केलास रं."

"गाडी गावली न्हाई, आये."

"असूंदे. जेव."

केरबा दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला तिथे उभं राहवेना. अंधार पडेल, आपल्याला पोचायचं आहे, असं मी म्हणालो. शरदने माझ्याकडे बघितलं. दारी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. मग तो उठला, हात धुतले आणि टांग्याकडे निघाला.

मी वळलो, तर म्हातारीने माझा हात धरला. हात कोरडा होता, आणि घट्ट.

"बाळा," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यो आमचा हाय. हितंच ऱ्हाऊ दे. तुजा मागनं येतुया."

"आजी, तो माझा भाऊ आहे."

तिने थोडा विचार केला. हात सोडला.

"बरं," म्हणाली. "ने मग."

टांग्यात शरद माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेला. कृष्णेच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला तरी जागा झाला नाही. पोवई नाक्यावरचे दिवे दिसले तेव्हा डोळे चोळत उठला.

"आलं का रे सातारा, दादा? मला झोपच लागली."

आमच्या घरचं बोलणं. वस्तीचं त्याला काही आठवत नव्हतं. मीही विचारलं नाही.

लॉजपाशी केरबाने सामान उतरवलं. शरदकडे त्याने एकदाही बघितलं नाही. मी एकटाच पुढे गेलो. मालक लालासाहेब गल्ल्यावर बसले होते. मी नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले.

"अहो, किती उशीर केलात. तुमचे बंधू बिचारे वाट बघून बघून गेले."

"कोण बंधू?"

"मिलिटरीतले. मोटारीनं आले दुपारीच. ट्रंक इथं ठेवली, चहा घेतला. दिवेलागणीपर्यंत दारात उभे होते. मग म्हणाले, दादा स्टेशनवर मलाच शोधत बसला असेल, आणि ट्रंक घेऊन शेवटच्या मोटारीनं परत गेले."

बाहेरच्या पायऱ्यांवर बूट वाजले. शरद किटबॅग घेऊन आत आला.

लालासाहेब त्याच्याकडे बघत राहिले.

"असाच चेहरा," ते शेवटी म्हणाले. "पण दारातला उजेड डोळ्यांवर येत होता. मी नीट बघितलं नसेल."

दुसऱ्या दिवशी परतताना मी सातारा रोडला चौकशी केली. रात्री मोटारीतून एक लष्करी पोरगा उतरल्याचं एका हमालाला आठवत होतं. तो फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. मग गाड्या आल्या, गेल्या, आणि पुढचं त्याला माहीत नव्हतं. मी आणखी कुणाला विचारणार? शरद बाकावर ट्रंकेशेजारी बसून शेंगा खात होता, हनुवटीवर ती खूण घेऊन.

नोकरी मिळाली. त्याने ती तीस वर्षं केली. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. लग्न झालं, मुलं झाली. माझ्या आजारपणात त्याने रात्रंदिवस माझी सेवा केली. त्याच्याविरुद्ध बोलावं असं माझ्याकडे काही नाही.

त्या दिवशी आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा आई भाकरतुकडा घेऊन दारातच उभी होती. तिने तो ओवाळून टाकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि गालावर हात ठेवला. हात तिथेच थांबला. ती त्याच्याकडे बघत होती. मग हसली, आणि पदर सावरून बाजूला झाली.

"या," म्हणाली. "आत या. दमला असाल."

त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. तो सुट्टीला आला की त्याच्या आवडीचं करायची, स्वतः वाढायची, तो जाताना वेशीपर्यंत पोचवायला यायची. पोटच्या पोराला ती परत कधी 'तू' म्हणाली नाही.

"बसा हं," म्हणायची. "वाढते तुम्हाला."