शेवंताची ओटी

सोनोग्राफीच्या पडद्यावर पिल्लाचं हृदय धडधडत होतं आणि नेमका तेव्हाच डॉ. मृदुला बांदेकरांच्या टेबलावरच्या यंत्रातून सरकारी आदेश बाहेर आला. ‘आपल्या संस्थेतील मादी मांजर, नाव शेवंता, हिच्यावर आठ दिवसांनी संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात येईल. गाडी पाठवली जाईल.’

शेवंता मांजर नव्हती, खवल्या मांजर होती. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही, वीतभराहून लांब जीभ आणि मुंग्या-वाळवीशिवाय कशाला तोंड न लावणारी. कोकणातल्या डोंगरउतारावरचं ‘रानआसरा’ हे छोटं प्राणिसंग्रहालय मृदुलाबाई आणि चार माणसं बावीस वर्षं चालवत होती. तिथं फक्त नामशेष होऊ घातलेले प्राणी ठेवत आणि शाळेच्या मुलांना ते दाखवत. अख्ख्या राज्यात पोटात पिल्लू असलेली, माहितीतली खवल्या मांजर एवढी एकच होती. शस्त्रक्रिया झाली असती तर पिल्लूही गेलं असतं.

राखणदार धोंडू घवाळींनी आदेश दोनदा वाचून घेतला. “म्यॅडम, यांच्या घरातल्या मांजरांना खवलं असतात काय?”

मृदुलाबाईंनी फोन उचलला आणि गौतम हळदणकरांना बोलावून घेतलं. हळदणकर संगणकशास्त्रज्ञ. असे आदेश काढणारं ‘जीवनिर्णायक’ यंत्र ज्यांनी बांधलं, त्यांतले ते एक. दुसऱ्या दिवशी ते आले आणि बाईंनी त्यांना बसा असंही म्हटलं नाही.

“तुमचं यंत्र आंधळं आहे की मूर्ख?”

“आंधळं. मुद्दाम केलंय तसं,” हळदणकर म्हणाले. “पूर्वी पाहणीला साहेब यायचे, चहा पिऊन बिबट्याला वाघ लिहून जायचे. म्हणून कायदा झाला, की माणसाच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही. जीवनिर्णायक फक्त मजकूर वाचतो. राज्यात मराठीत जे जे लिहिलं जातं ते सगळं. दाखले, बातम्या, शाळेच्या वह्या. कुठल्या शब्दाच्या शेजारी कुठले शब्द येतात ते मोजतो. लोक ज्याच्याबद्दल जसं लिहितात, तसंच ते आहे असं धरतो. याला आम्ही शब्दसंगती म्हणतो.”

“मग खवल्याचं काय झालं?”

“विशेषण झालं. काळं मांजर, भुरं मांजर, तसं खवल्या मांजर. मांजरं राज्यात लाखो. म्हणजे दुर्मीळ नाही. म्हणजे संख्या कमी करा.”

“शास्त्रीय नाव आहे ना तिला!”

“ते लॅटिन. कारभार मराठीतून करायचा, असा निर्णय आहे.”

“वा रे वा! अभिमान मराठीचा, आणि पोरासोरांना कळतं तेवढं मराठी यंत्राला कळत नाही! तुम्ही हुशार माणसं एका खोलीत बसलात, आणि खवल्या मांजर म्हणजे मांजर नव्हे, हे एकालाही सुचलं नाही?”

हळदणकर पुण्यात वाढले होते. त्यांनी खवल्या मांजर कालपर्यंत पाहिलं नव्हतं. तसं त्यांनी खाली मान घालून सांगितलंही. अपिलाचं विचारल्यावर म्हणाले, “अपीलही तोच ऐकतो. पण तिच्याबद्दलचं लिखाण बदललं, तर निर्णय आपोआप बदलतो.”

बाईंनी एवढंच धरलं. त्याच दुपारी त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या शाळांना कळवलं, की मुलांनी शेवंतावर लिहावं, भरपूर लिहावं, मात्र ‘मांजर’ हा शब्द चुकूनही वापरू नये. दुसरा कुठला शब्द वापरावा, हे सांगायचं मात्र त्या रागाच्या भरात विसरल्या.

मुलांनी वह्याच्या वह्या भरल्या. शिक्षिकांना तर उधाण आलं. शेवंता पोटुशी आहे म्हटल्यावर एका शाळेनं रानआसऱ्यात येऊन रीतसर डोहाळजेवण केलं. पिंजऱ्याला फुलांच्या माळा, ताटात वाळवी आणि हिरव्या खणानारळानं ओटी. धोंडूंनी ती शेवंताच्या वतीनं पदरात, म्हणजे खांद्यावरच्या पंचात, घेतली. दुसऱ्या दिवशी पंचक्रोशीतल्या सगळ्या वह्यांत एकच मजकूर होता. ‘शेवंताबाईंना डोहाळे लागले आहेत. त्या मृदुलाबाईंच्या पिंजऱ्यात राहतात आणि मुंग्या खातात. आम्ही त्यांची ओटी भरली.’

आठव्या दिवशी शस्त्रक्रियेची गाडी आली नाही. पोलिसांची आली.

निरीक्षक सुलभा मयेकरांनी पिंजऱ्यात पाहिलं, मग हातातल्या आदेशाकडे पाहिलं आणि घसा खाकरून वाचलं. “श्रीमती शेवंता, गरोदर स्त्री, यांना पिंजऱ्यात डांबून मुंग्या खाऊ घातल्याबद्दल डॉ. मृदुला बांदेकर यांना अटक करावी. श्रीमती शेवंता यांना प्रसूतीपर्यंत जागेवरून हलवू नये. त्यांच्या लेखी संमतीशिवाय त्यांच्यावर कोणतीही शस्त्रक्रिया करू नये.”

निकाल पाहायला आलेले हळदणकर पुटपुटले, “ओटी. ओटी फक्त बाईची भरतात. यंत्राला शंकेला जागाच उरली नाही.”

“मॅडम, मला दिसतंय हो समोर काय आहे ते,” मयेकर म्हणाल्या. “पण माझ्या डोळ्यांना कायद्यात किंमत नाही. तुम्ही जबाबात एवढंच लिहून द्या, की हा प्राणी आहे. लगेच अटक रद्द.”

“कुठला प्राणी, ते विचारेल तुमचा निर्णायक?”

“विचारणारच.”

बाईंनी हळदणकरांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. यंत्राच्या यादीत या प्राण्याला एकच मराठी नाव होतं, आणि त्यात मांजर होतं.

पिंजऱ्यात शेवंता शेपटी पोटाशी घेऊन वेटोळं करून झोपली होती. मृदुलाबाईंना संताप आला होता. यंत्राचा आलाच होता, पण त्याहून जास्त सगळं दिसत असूनही हात बांधून उभ्या असलेल्या या दोन शहाण्यासुरत्या माणसांचा. धोंडू रडू लागले, तेव्हा त्यांनी धोंडूंनाही दटावलं आणि वाळवीचं वारूळ रोज बदलायला सांगितलं.

मग त्या मयेकरांसमोर बसल्या.

“लिहा. बाई आहे. दोन जिवांची आहे. मी तिला कोंडून ठेवलं आणि मुंग्या खायला घातल्या. आणि खाली हेही लिहा, की हे सगळं मी पूर्ण शुद्धीत, स्वच्छ मराठीत सांगितलं.”