भिंतीपलीकडची जोडणी

सांगलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ऋजुता काणेकर राऊटर तपासायचं महापालिकेचं यंत्र घेऊन शिरली, तेव्हा श्रीरंग तांबटांनी राऊटरवर विणलेला रुमाल टाकला होता.

"काका, रुमालानं लहरी अडत नाहीत. तुम्ही तर नभोवाणीत इंजिनिअर होतात."

"ठाऊक आहे. लाजेखातर टाकलाय."

यंत्रानं लाज उघडी पाडली. तांबटांचा राऊटर शेजारच्या कुमुद धारपांच्या राऊटरला चार वर्षांपासून जोडलेला होता.

"म्हणजे त्यांचा देहवेध तुम्हाला दिसतो?"

"दिसतो. माणूस हलला की घरातल्या लहरी विस्कटतात. श्वासानं छाती हलली तरीसुद्धा. त्या विस्कटण्यावरून राऊटर माणूस ओळखतो. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर फक्त एक ठिपका. श्वासागणिक लहानमोठा होणारा."

"आणि परवानगी?"

तांबटांनी चष्मा पुसला. "तेव्हा धारपबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. पाच तास कुणाला पत्ता नाही. बरं, विचारावं तर म्हणणार, माझ्यावर पाळत नको. म्हणून त्यांच्या राऊटरचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड टाकला, माझ्या राऊटरवरची जोडणीची कळ दाबली. लागलं. पासवर्ड बदलतंय कोण!"

"चोरून केलेली जोडणी मला आत्ताच तोडावी लागेल, काका."

"तोड," ते म्हणाले. पण त्यांचा हात रुमालावरून निघेना. "सकाळी उठलो की आधी तो ठिपका बघतो. मग चहा."

ऋजुतानं तोडण्यापूर्वी नियमाप्रमाणे जोडणीची नोंद उघडली. ती दोनदा वाचली.

"काका, तुमचा पासवर्ड नाकारला गेला होता. त्यांनी तो आधीच बदललेला."

"मग लागलं कसं?"

"कळीनं. कळीची जोडणी कधी होते, तुम्हीच सांगा."

"दोन्ही घरची कळ दोन मिनिटांच्या आत दाबली तर..." तांबट थांबले.

"पासवर्ड चुकला की मालकाच्या पडद्यावर खटपट करणाऱ्याचं नाव येतं. त्यांच्याकडे 'तांबट' असं आलं. त्यानंतर चाळीस सेकंदांनी त्यांनी कळ दाबली."

ते खुर्चीत बसले.

संमतीची खात्री म्हणून ऋजुतानं शेजारची बेल वाजवली. कुमुद धारप पदराला हात पुसत आल्या. जोडणीचं नाव काढताच म्हणाल्या, "सापडलं का अखेर? ठेवायची म्हणून लिही."

"पण मावशी, त्यांना कधीच का सांगितलं नाहीत?"

"बिचारा गृहस्थ, चोरी केल्याच्या आनंदात होता." मग त्यांनी तांबटांच्या दाराकडे तोंड करून आवाज चढवला. "आणि त्यांना म्हणावं, जोडणी दोन्हीकडून दिसते. सोमवारपासून सकाळचं चालणं बंद आहे. गुडघा दुखतोय का नुसता आळस?"