गुनिलाची दुसरी टिचकी

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? उल्रिका माझी सख्खी थोरली बहीण. यात पदरचं एक अक्षर नाही.

गुरुवार, वीस नोव्हेंबर. स्वीडनमधलं सुंड्सवाल. दुपारचे तीन, आणि बाहेर अंधारून आलेलं.

तिची कंपनी वृद्धाश्रमातल्या गोळ्या नोंदवायचं सॉफ्टवेअर बनवते. ते हातानं तपासायचं काम बावीस वर्षं तिथल्या गुनिलाचं होतं. नोंदीचं बटण ती नेहमी दोनदा दाबायची.

“अगं, घाईतली नर्स दोनदाच दाबते,” म्हणायची.

उल्रिकाला हे काम तिनंच शिकवलं. उल्रिका पुढे ऑटोमेशन शिकली आणि गुनिलाची एकेक चाचणी यंत्राला शिकवली. पास झाली की हिरवी, चूक सापडली की लाल. गुनिला शेजारी बसून सगळं सांगत होती. कशासाठी, ते कळत असूनही...

जूनमध्ये तिला नारळ मिळाला. ऑक्टोबरात ती वारली.

दुसरी टिचकी मात्र उल्रिकानं यंत्राला शिकवलीच नव्हती. तेवढाच वेळ वाचतो.

“उद्यापर्यंत सगळं हिरवं दिसू दे,” साहेब फ्रेड्रिक म्हणाला. “एक जरी चाचणी लाल राहिली, तर तूही गुनिलाच्या वाटेनं.”

तीनला सगळे कॉफीला गेले. उल्रिका परतली तर...

एक चाचणी लाल.

सकाळच्या एका गोळीच्या दोन नोंदी. म्हणजे दुसरी नोंद संध्याकाळच्या गोळीवर पडून तीही ‘दिली’ असं दिसणार, आणि म्हातारं माणूस गोळीविना झोपणार.

तिनं पडद्याचं चित्रण लावलं. बाण बटणावर गेला. टिचकी. थांबला...

आणि दुसरी टिचकी.

तिनं यंत्राला लिहून दिलेली स्क्रिप्ट उघडली. टिचकी एकच लिहिलेली होती.

समोर बसून पुन्हा चालवली. हिरवी. पाणी प्यायला उठली...

लाल.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला. टिक्... टिक्. त्या टेबलावर जूनपासून माऊससुद्धा नव्हता.

“गुनिला, नको गं,” ती रडकुंडीला आली. “मलाही पोट आहे.”

तिनं स्वतः बटण दोनदा दाबून पाहिलं. नोंदी दोन. चूक खरीच होती.

तिनं ती चाचणी काढून टाकली.

शुक्रवारी फ्रेड्रिकनं बदामाच्या हिरव्या मार्झिपानचा केक आणला. “शाब्बास! एकही लाल नाही!”

रविवारी ती आश्रमात आईकडे गेली. आमच्या आईकडे.

“हृदयाची गोळी काल संध्याकाळी कुणी दिलीच नाही गं,” आई म्हणाली.

नर्सनं हातातल्या टॅबलेटवर उल्रिकाच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. “दिली म्हणून दिसतंय. आजी विसरतात.”

आईनं उल्रिकाकडे पाहिलं. मागच्या रिकाम्या खुर्चीतून... टिक्. टिक्.

“हो,” उल्रिका म्हणाली. “विसरते ती हल्ली.”

हे तिनं मला सांगितलं जानेवारीत, आईच्या दफनानंतरच्या कॉफीला. मी कप ठेवला आणि उठून आलो. तक्रार मीही कुठे केली नाही. तिची नोकरी टिकली आहे. ती काढून टाकलेली चाचणी रोज तीनला लाल होऊन येते, म्हणे.

येऊ दे. मेलीला रोज दिसू दे.

पण हल्ली दुपारी तीनला माझ्याही रिकाम्या घरात... टिक्. टिक्.